रेपो वाढवून टोमॅटो स्वस्त होतो का?

हिशेबनीस

५ डिसेंबर २०२५ ला रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर) पाव टक्क्याने उतरवून ५.२५ वर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तर बाकावर हाच विषय. एका मित्राने विचारलं, "महागाई वाढली की हे लोक व्याज वाढवतात. पण व्याज वाढवून टोमॅटो कसा स्वस्त होतो, ते एकदा समजावून सांग." तीस वर्षं बँकेच्या कर्जविभागात काढूनही मला त्याला धड उत्तर देता आलं नाही. ते मनाला लागून राहिलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

सरळ उत्तर असं की टोमॅटो स्वस्त होत नाही. रेपो ठरवणाऱ्या पतधोरण समितीतल्या सहा जणांनाही ते पक्कं माहीत असतं. (तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे. मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक.)

जुलै २०२३ आठवा. टोमॅटोने कहर केला होता आणि त्या महिन्याची किरकोळ बाजारातली महागाई ७.४४ टक्के निघाली. कायद्याने ठरवलेली वरची मर्यादा ६ टक्के. तरीही समितीने रेपो ६.५० वरून हलवला नाही. नवं पीक बाजारात आलं आणि सप्टेंबरचा आकडा ५.०२ वर आला. आता त्याआधीचा मे २०२२ घ्या. वेळापत्रकात नसलेली बैठक बोलावून ४ मे रोजी दर ०.४० टक्क्यांनी वाढवला, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून ६.५० वर नेला. त्या एप्रिलची महागाई होती ७.७९. दोन्ही वेळा आकडा सातच्या पुढे, मग एकदा धावाधाव आणि एकदा शांतता, असं का?

माझ्या समजुतीप्रमाणे या लोकांच्या विचाराची किल्ली इथे आहे. ते महागाईचे दोन फेरे मोजतात. पाऊस लांबला, टोमॅटो महागला, हा पहिला फेरा. त्यावर व्याजदराचा काही इलाज नाही. पण टोमॅटो, तेल, गॅस महाग राहिले की खानावळवाला थाळीचे दहा रुपये वाढवतो. थाळी महागली म्हणून तिथे जेवणारा कामगार मजुरी वाढवून मागतो. मजुरी वाढली म्हणून कारखानदार मालाचा भाव वाढवतो. हा दुसरा फेरा. टोमॅटो दोन महिन्यांत उतरतो, थाळीचा भाव मात्र उतरत नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने खनिज तेल, खाद्यतेल, वाहतूक सगळंच एकदम महागलं होतं, आणि अन्न-इंधन वगळून उरलेली महागाईसुद्धा सहाच्या वर गेली होती. म्हणजे दुसरा फेरा सुरू झालेला होता. २०२३ च्या जुलैत तीच उरलेली महागाई पाचच्या आसपास होती आणि उतरत होती. म्हणून थांबले.

यातली खरी पंचाईत वेळेची. दर बदलल्यापासून त्याचा पुरता परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं. माझं लहानपण कोल्हापूरजवळ गेलं, त्यामुळे मला गुऱ्हाळ आठवतं. पूर्ण गूळ झाल्यावर काहील (रस उकळायची मोठी कढई) उतरवली तर गूळ काळा पडतो, कारण चुलवाणातला जाळ ओढला तरी काहिलीतली धग पाक शिजवतच राहते. म्हणून गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघतो आणि गूळ व्हायच्या थोडं आधीच काहील उतरवायला सांगतो. फार आधी उतरवली तर गूळ धरत नाही. रिझर्व्ह बँकेचं काम नेमकं हेच आहे, फक्त तिच्या गुळव्याला आजचा पाक दिसत नाही. महागाईचा आकडा पुढच्या महिन्याच्या १२ तारखेला येतो आणि विकासदराचा तिमाही आकडा तर तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी. शिळा पाक बघून उद्याचा जाळ ठरवायचा.

आपल्याकडे २०१६ पर्यंत कायद्यात महागाईचं ठरावीक लक्ष्यच नव्हतं. ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ च्या अहवालात ४ टक्के, दोन वर दोन खाली, अशी चौकट सुचवली आणि २०१६ मध्ये ती कायद्यात आली. कायदा सांगतो की भावांचं स्थैर्य राखा, विकासाचं उद्दिष्ट ध्यानात ठेवून. त्यात बेरोजगारी हा शब्द नाही. याकडे मी स्वतः इतकी वर्षं लक्ष दिलं नव्हतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

खिडकीजवळ

हिशेबनीसकाका, समजावून छान सांगितलंत, पण माझी बाजूही ऐका. एप्रिल २०२२ मध्ये ३० लाखांचं गृहकर्ज घेतलं. वीस वर्षं, ६.७५ टक्के, हप्ता २२,८११. पुढच्याच महिन्यात दरवाढ सुरू झाली. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तेही मला नीट न कळवता. वर्षभर न चुकता हप्ते भरल्यावर पाहिलं तर मुद्दल तीस हजारांनीसुद्धा कमी झालेलं नव्हतं. २९ लाख ७१ हजार शिल्लक, दर ९.२५, म्हणजे महिन्याचं नुसतं व्याज २२,९०१. माझ्या हप्त्यापेक्षा जास्त! भरतोय तरी कर्ज फुगतंय, हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही. शेवटी हप्ता वाढवून घेतला. युद्ध युक्रेनमध्ये, तेल आखातातलं, आणि दंड मला का?

हिशेबनीस

तुमचा प्रश्न कळीचा आहे आणि उत्तर कडू आहे. औषध तुमच्याच घरात लागू होतं. तुमच्या हातातला पैसा आटला, तुम्ही फ्रीज पुढच्या वर्षावर ढकललात, दुकानदाराने कमी माल मागवला, कंपनीने भाव वाढवायचा विचार सोडला. दुसरा फेरा थांबतो तो असा.

पूर्वी रेपो बदलला तरी बँका आपले दर सावकाश बदलायच्या. १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या व्याजाची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडावी लागली. त्यामुळे २०२२ ची दरवाढ थेट तुमच्या अंगावर आली. न कळवता मुदत वाढवण्याबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रकच काढलं: दर बदलताना हप्ता किंवा मुदत किती बदलेल ते कर्जदाराला सांगा, निवड करू द्या, स्थिर दरावर जायचा पर्यायही द्या. तुमच्यासाठी ते उशिराच आलं, याचं वाईट वाटतं.

ताटवाटी

नमस्कार. पुण्यात विद्यार्थ्यांची मेस चालवते, साठ-सत्तर डबे. थाळीचं उदाहरण वाचून लिहावंसं वाटलं, कारण ते शब्दशः खरं आहे.

मी डब्याचा दर वर्षातून एकदाच बदलते, जूनमध्ये, नवी मुलं येतात तेव्हा. मधे बदलला तर मुलं दुसरीकडे जातात. म्हणजे जूनमध्ये बसून मला पुढच्या मेपर्यंतचा अंदाज बांधावा लागतो. सिलिंडर किती होईल, पोळ्यांच्या मावशी दिवाळीनंतर किती मागतील, तेलाचा डबा किती जाईल. २०२२ च्या जूनमध्ये मी खूप घाबरले होते. सगळंच वाढतंय, अजून वाढेल असं वाटून एकदम चारशे रुपये महिन्याला वाढवले. खर्च प्रत्यक्षात तेवढा वाढला नाही. पण वाढवलेले चारशे मी कमी केले नाहीत, आजही नाहीत. कमी करायला हवे होते का, हे मला खरंच कळत नाही, कारण मावशींचा पगार मी त्याच भरवशावर वाढवला होता.

हिशेबनीस

ताई, तुमचा हा एक परिच्छेद माझ्या अख्ख्या लेखापेक्षा मोलाचा आहे. पतधोरणाच्या कागदपत्रांत 'महागाईच्या अपेक्षा' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याचा अर्थ तुम्ही जूनमध्ये वहीत करता तो अंदाज. रिझर्व्ह बँक शहरांतल्या घरांमध्ये सर्वेक्षण करून विचारते, पुढच्या वर्षी भाव किती वाढतील असं वाटतं? लोकांचं उत्तर सरकारी आकड्यापेक्षा जवळजवळ नेहमीच बरंच वर असतं. लाखो दुकानदार, घरमालक, खानावळवाले हाच अंदाज धरून भाव ठरवतात, आणि मग अंदाज स्वतःच खरा होतो. मे २०२२ मध्ये घाईने बैठक घेतली तेव्हा दराइतकाच, किंबहुना जास्त, हा निरोप द्यायचा होता: आम्ही बघत बसणार नाही.

माझं मत विचाराल तर तो निरोप द्यायला तीन-चार महिने उशीर झाला. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ अशा सलग तीन तिमाहींत सरासरी महागाई सहाच्या वर राहिली. कायद्याने हे अपयश. नोव्हेंबरमध्ये खास बैठक घेऊन सरकारला कारणांचं पत्र लिहावं लागलं. ते पत्र जाहीर झालं नाही. व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

सांजपर्व५८

निवृत्त माणूस आहे. तुम्ही सगळे व्याज उतरलं की खूश होता. ज्यांची चूल ठेवींच्या व्याजावर पेटते त्यांचा कोणी विचार करतं का?

आकडेमोड

काका, रघुराम राजन गव्हर्नर असताना २०१६ मध्ये त्यांनी याच प्रश्नाला डोशाचं उदाहरण देऊन उत्तर दिलं होतं. डोसा ५० रुपयांना, तुमच्याकडे एक लाख, म्हणजे आज २,००० डोसे. व्याज १० टक्के आणि महागाईही १० टक्के असेल तर वर्षाने १,१०,००० रुपये, डोसा ५५, पुन्हा २,०००च. व्याज ८ आणि महागाई साडेपाच असेल तर १,०८,००० रुपये, डोसा ५२ रुपये ७५ पैसे, म्हणजे सुमारे २,०४७. व्याज कमी दिसलं तरी तुम्ही जास्त सुखात. महागाई आपलं मुद्दल गुपचूप खाते, ते पासबुकात दिसत नाही इतकंच.

सांजपर्व५८

गणित पटलं. पण माझा खर्च डोशाचा नाही, औषधांचा आणि तपासण्यांचा आहे, आणि तो तुमच्या सरासरीने वाढत नाही. शिवाय मुद्दल मोडून खायचं धाडस होत नाही, कारण किती वर्षं जगणार हे माहीत नसतं. एवढं लक्षात असू द्या.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथल्या मध्यवर्ती बँकेवर, म्हणजे फेडरल रिझर्व्हवर, १९७७ च्या कायद्याने दोन जबाबदाऱ्या आहेत, स्थिर भाव आणि जास्तीत जास्त रोजगार. पण कायद्यात शब्द असला म्हणजे माणसं वाचतात असं नाही. पॉल व्होल्कर ऑगस्ट १९७९ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. पुढच्या वर्षी महागाई चौदाच्या वर गेली. त्यांनी पैशाचा पुरवठा इतका आवळला की व्याज वीस टक्क्यांच्या घरात पोचलं. १९८२ च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्के. घरं बांधणाऱ्यांनी त्यांना लाकडाचे ठोकळे टपालाने पाठवले, कारण घरंच विकली जात नव्हती, आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनच्या कचेरीवर गेले. महागाई मोडली हे खरं. व्होल्करांना आज सगळे मानतात. पण त्या वेळी नोकरी गेलेल्या, नंतर कधीच तशी नोकरी न मिळालेल्या लोकांच्या आठवणी मी इथल्या जुन्या शेजाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. त्यांच्या तोंडी व्होल्करांचं नाव आदराने येत नाही.

आणि २०२२ ला वेगळंच घडलं. महागाई ९.१ वरून खाली आली, दर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाचपर्यंत गेले, मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की बेरोजगारी बरीच वाढल्याशिवाय सुटका नाही. ती चारच्या आसपासच राहिली. म्हणजे पुस्तकातला नियम दर वेळी लागू पडतोच असं नाही.

पेठेतलीखोली

मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, चौथं वर्ष. ताटवाटीताईंसारख्याच एका मेसमध्ये जेवते. :) माझा प्रश्न असा की आपल्या कायद्यात बेरोजगारी का नाही? माझ्या खोलीत आम्ही तिघी आहोत, तिघी पदवीधर, तिघींना काम नाही. आम्ही कुठल्या आकड्यात येतो?

हिशेबनीस

हा प्रश्न मला दोन दिवस छळतोय, म्हणून उत्तर उशिरा.

पुस्तकी पाया आधी सांगतो. १९५८ मध्ये ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातल्या आकड्यांवरून दाखवलं की बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरी वेगाने वाढते. त्यावरून लोकांनी सोयीचा अर्थ काढला की थोडी महागाई सोसली तर रोजगार मिळेल. मिल्टन फ्रीडमन आणि एडमंड फेल्प्स यांनी साठच्या दशकातच बजावलं की हे फार टिकणार नाही. लोक महागाई गृहीत धरायला लागले की हाती फक्त महागाई उरेल. सत्तरच्या दशकात तसंच झालं, आणि महागाई सांभाळा, रोजगार आपोआप येईल, हा विचार मध्यवर्ती बँकांत रुजला. न्यूझीलंडने १९८९ मध्ये तो कायद्यात घातला, मग बाकीच्यांनी.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. राष्ट्रीय श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. नोकरी गेलेला मुलगा गावी येऊन भावाच्या शेतावर राबायला लागला की तो बेरोजगार राहत नाही, 'कामावर' असतो. तो आकडा बघून दर ठरवायचा तर काहिलीऐवजी शेजारच्या चुलीतला जाळ बघितल्यासारखं होईल. शिवाय महिन्याच्या महिन्याला हे आकडे २०२५ पासून कुठे यायला लागले आहेत.

हे सगळं खरं आहे. पण लिहिताना जाणवलं की मी कारणं देतोय, उत्तर देत नाहीये. तुम्ही तिघी काम शोधत असाल तर बेरोजगारांत मोजल्या जाता. अभ्यासात गुंतल्यामुळे शोधत नसाल तर श्रमबलाच्याच बाहेर, म्हणजे बेरोजगारांतही नाही. समितीच्या टेबलावर तुमचा आकडा पोचला तरी त्यासाठी मत द्यायचं बंधन कोणावर नाही. आता महिन्याचे आकडे मिळू लागलेत, तर निदान धोरणाच्या निवेदनात त्यांच्यावर एक परिच्छेद सक्तीचा असावा असं मला वाटतं.

विरुद्धबाजू

समितीतले सगळे एका सुरात बोलतात असा समज होऊ नये म्हणून लिहितो. जून २०२४ च्या बैठकीत बाहेरच्या सदस्यांपैकी जयंत वर्मा आणि आशिमा गोयल यांनी दर पाव टक्का कमी करा असं मत दिलं. चार विरुद्ध दोनने हरले. महागाई वजा केल्यावर उरणारं व्याज गरजेपेक्षा जास्त आहे आणि त्याची किंमत विकासाला मोजावी लागते, असा त्यांचा मुद्दा. प्रत्यक्ष कपात झाली फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधले आठ महिने वाया गेले असं मी म्हणतो. ऑक्टोबर २०२४ ला महागाई ६.२१ झाली होती हे मान्य, पण ती भाज्यांनी. जुलै २०२३ ला भाज्यांकडे काणाडोळा करता येतो तर तेव्हा का नाही? बैठकीचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी जाहीर होतं, प्रत्येक सदस्याचं कारणासह. मिळेल तेव्हा वाचा. कोणाच्या मनात काय आहे ते तिथे उघड दिसतं.

आणि आता बघा, ऑक्टोबर २०२५ ला महागाई ०.२५ टक्के. दोनच्या खालीही सलग तीन तिमाही राहिली तर कायद्याने तेसुद्धा अपयशच.

चाळीतलाकांदा

निफाड तालुक्यातून. एवढा वेळ वाचत होतो, आता राहवलं नाही.

तुमचा तो ०.२५ टक्के आकडा आमच्या साठवणीच्या चाळीतल्या कांद्याचा आहे. तुम्ही त्याला महागाई आटोक्यात आली म्हणता. आम्ही त्याला खर्चसुद्धा निघाला नाही म्हणतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच केली. ती उठली मे २०२४ मध्ये, तीही शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. तोवर परदेशातली गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. हे रिझर्व्ह बँकेने केलं नाही, सरकारने केलं, हे मला कळतं. पण भाव चढला की तुमची ती समिती 'पुरवठ्याच्या बाजूने उपाय व्हावेत' म्हणते ना, ते उपाय म्हणजे हे. भाव चढला की देशाचा प्रश्न, पडला की आमचा एकट्याचा. आमच्यासाठी दोन ते सहाची चौकट कुठे आहे?

हिशेबनीस

दादा, तुमचं वाचून आकडे पुन्हा काढून बसलो. त्या ऑक्टोबरमध्ये भाज्यांचे भाव वर्षापूर्वीपेक्षा २७ टक्क्यांहून जास्त खाली होते. तेव्हाच्या निर्देशांकात भाज्यांचं वजन ६.०४ टक्के होतं. म्हणजे एकट्या भाज्यांनी देशाची महागाई दीड टक्क्याहून जास्त खाली ओढली. जीएसटी कपातीचा आणि आधीच्या वर्षीच्या चढ्या आकड्याचाही त्यात हात होता. लेखात मी 'सप्टेंबरचा आकडा ५.०२ वर आला' असं एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. तो खाली आला तेव्हा टोमॅटोवाल्यांना काय भाव मिळाला, हा प्रश्न माझ्या मनातच आला नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

ताटवाटी

चाळीतलाकांदा दादा, मला आठवड्याला दोन पोती कांदा लागतो. आता मार्केट यार्डातून घेते. तुमच्याकडचा थेट पुण्याला पाठवता येईल का? भाव तुम्ही सांगा. निरोपात नंबर देते.

चाळीतलाकांदा

ताई, पाठवतो. चाळीतला उन्हाळ कांदा नका घेऊ, त्याला आता कोंब आलेत. नवा लाल कांदा निघायला लागलाय, तो देतो. फक्त एकदम जास्त मागवू नका, लाल टिकत नाही. पंधरा दिवसांचाच घ्या.